कृष्णाकाठचे निरीश्वरवादी आणि देवाचा उपयोग

ज्यांस देव मान्य नाही, त्यांच्या समाजालाही देवावरील श्रद्धेचा काही उपयोग होतो काय? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या बैठकीतला, असे वरवर पाहता वाटते. पण आमच्या कृष्णाकाठच्या माणसांनी तो जगून पाहिला आहे. सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे असले, तरी सांगलीचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत होता. तेव्हा दोन्हींचा विचार एकत्रच करू.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. नीतीला ईश्वराचा टेकू लागतो, हे त्यांस मान्य नव्हते; विवेक आणि मनुष्यमात्राचे सुख हीच त्यांची कसोटी. सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही पैशाच्या मोहाला बळी न पडता हा माणूस १८९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शिक्षणाचेच व्रत चालवीत राहिला. नरकाच्या भयावाचून माणूस सचोटीने वागतो, याला याहून वेगळा दाखला कशाला?

याच जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीरावांनी देव टाकला नाही. सर्वांना घडविणारा 'निर्मिक' एकच; मग त्याच्या लेकरांत उच्चनीच कोठून आले आणि मध्ये दलाल कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने हा विचार पुढे सातारच्या खेडोपाडी रुजविला. त्या समतेचे फळ निर्मिक न मानणाऱ्यालाही मिळाले, हे कबूल केलेच पाहिजे.

सांगलीकडे वळावे, तर तिसरीच गोष्ट दिसते. या भागात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही. ज्याचे कर्म त्याला भोवते. तरी मंदिर आहे, व्रत आहे, संयम आहे. याच परंपरेत जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू घातली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. मुलांच्या ताटात भाकरी पडली, ती कोणत्या दर्शनाची हे कोणी विचारले नाही.

तेव्हा उपयोग आहे की नाही? आमचे उत्तर असे : जो मनापासून मानतो, त्याच्या हातून श्रद्धा समाजाला उपयोगी पडू शकते, जोतीराव निर्मिक खराच मानीत होते. पण 'आम्हांला देव नको, अडाणी जनतेला मात्र हवा', असे जो शहाणा म्हणतो, तो जुन्या दलालाच्याच पाटावर बसतो. जे स्वतःस खोटे वाटते ते दुसऱ्यास हितकर म्हणून विकणे, यात त्या दुसऱ्याची बुद्धी कमी लेखलेली असते.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी हा मोह टाळला. ते स्वतः देव मानीत नसत, पण श्रद्धावंताची टिंगल त्यांनी केली नाही; श्रद्धेच्या नावावर होणारी लूट तेवढी त्यांनी अडविली, आणि त्या कामी भाविकांनाही सोबत घेतले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला.

मानणारा आणि न मानणारा यांनी एकमेकांशी खरे बोलत एका गावात राहावे, एवढी शिकवण या नदीकाठाने आम्हांस दिली आहे. तिची किंमत किती पडते, हेही आम्ही पाहिले आहे.