वसईचा गोन्सालो गार्सिया

तारापूर व वसई हे दोन्ही किल्ले आज पालघर जिल्ह्यांत मोडतात, आणि इ. स. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें ते पोर्तुगिजांकडून एकामागून एक घेतले, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्यावरून असा एक समज रूढ झाला आहे कीं, ह्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म तोफांच्या आश्रयानें आला व त्यांच्याच आश्रयानें टिकला. पूर्वार्धांत पुष्कळ तथ्य आहे. धाक व लोभ हे दोन्ही उपाय त्या काळीं चालले, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. उत्तरार्ध मात्र आम्हांस मान्य नाहीं. त्यासाठीं वसईच्याच एका पुत्राचें चरित्र पाहावें.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई एतद्देशीय. जेझुइट पाद्र्यांजवळ तो शिकला आणि पंधरासोळा वर्षांचा असतांना त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथील भाषा त्यानें झपाट्यानें आत्मसात केली व कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. परंतु संघांत रीतसर प्रवेश त्यास कांहीं मिळाला नाहीं. अखेर त्यानें व्यापार आरंभिला आणि त्यांत चांगला जम बसविला. चरित्र येथेंच संपतें तरी त्यास कोणी नांव ठेविलें नसतें. पण पैशांत मन रमेना. मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत शिरला. तोही पाद्री म्हणून नव्हे, तर साधा बंधु म्हणून. एका दारावरून परत फिरलेल्या माणसानें, चालता धंदा मोडून, दुसऱ्या दारीं पुन्हा उभें राहावें आणि सर्वांत खालची जागा पत्करावी, ह्यांत त्याच्या निष्ठेची कसोटी आम्हांस पुढील हौतात्म्याइतकीच कडक वाटते.

१५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता जपानांत गेला, तेव्हां दुभाषी होता गोन्सालो. वसईच्या मुलाच्या मुखानें हिदेयोशीसारख्या सत्ताधीशाशीं बोलणीं व्हावीं, आणि आमच्या शालेय इतिहासांत त्याचें नांवही सहसा नसावें! क्योतोंत ह्या मंडळींनीं महारोग्यांची शुश्रूषा चालविली. पुढें १५९६ त 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्या प्रकरणांत हिदेयोशीचा संशय बळावला व धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस भर थंडींत नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रूसावर चढवून भाल्यांनीं मारिलें. त्यांत वीस जपानी होते. पोर्तुगिजांची कोणतीही तोफ तेथें त्यांच्या साह्यास येणारी नव्हती.

रोमनें १८६२ सालीं गोन्सालोस संतपद दिलें. तोंवर वसईंत एकामागून एक दोन राज्यें पालटलीं होतीं. १७३९ त पोर्तुगीज अंमलदार व युरोपीय पाद्री निघून गेले. तहानें रयतेस धर्माचरणाची मुभा राहिली, आश्रय मात्र गेला. गोव्याकडील देशी पाद्र्यांच्या आधारावर शेतकरी व कोळी कुटुंबांनीं आपला उपवास, आपले सण चालू ठेविले. मोडक्या तटाआंत गवत वाढलें. गांवोगांवचीं देवळें मात्र ओस पडलीं नाहींत. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जवळच्या गास गांवच्या चर्चला आज गोन्सालोचें नांव आहे, आणि तेथील उपासना मराठींत होते.