हुंडणावळ, मिनिमम ड्यू आणि आपली पत



इतवाऱ्याच्या आठवणी म्हटलं की दरवाजा, तापीचा पूर, मावा जिलबी हे सगळं येतं, आणि यायलाच हवं. पण बुऱ्हाणपूर हे मुळात व्यापाराचं गाव, आणि व्यापार म्हटला की उधारी आली. त्या उधारीवर मात्र कुणी लिहीत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत गेली, तेव्हा हे काम माझंच असं समजून लिहितोय. हल्ली मुलांच्या पाकिटात दोन-तीन क्रेडिट कार्डं असतात. घरातल्या मोठ्यांना वाटतं, हे नव्या जमान्याचं काहीतरी आहे, आपल्याला त्यातलं काय कळणार. तसं काही नाही. यातलं बरंचसं आपल्या गावाला साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे.

ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात आपल्या गावावरून गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली छापलं गेलं. आपलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जातं हे त्याने लिहिलंय, आणि ते आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच पुस्तकात सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दरही आहेत, ते कुणी सांगत नाही. लाहोरहून सव्वासहा टक्क्यांपर्यंत, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, अहमदाबादहून एक ते दीड, आणि आपल्या बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन.

याला मराठीत हुंडणावळ म्हणतात. व्यापाऱ्याने इथे सराफाकडून रोख घ्यायची, माल भरायचा, आणि सुरतेला पोचल्यावर ठरल्या मुदतीत पैसे चुकते करायचे. गाव जितकं लांब तितका वेळ जास्त, आणि रस्त्यात दरोड्याची भीतीही जास्त. ताव्हर्नियेच लिहितो की माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेच बुडत. म्हणजे त्या अडीच-तीन टक्क्यांत व्याज होतं आणि विमाही होता. मला यातली आवडणारी गोष्ट ही, की आकडा आधी ठरायचा, तोंडावर सांगितला जायचा आणि एकदाच लागायचा.

सराफ हुंडी घ्यायचा ती माणूस बघून. घराणं कोणतं, मागची हुंडी वेळेवर सकारली का, परगावी आडत्या कोण. यालाच पत म्हणायचे. पेढी बुडाली की भरदिवसा दारात दिवा लावत, त्यावरून ‘दिवाळं’ शब्द आला असं जुने लोक सांगायचे. हुंडीचा हा रिवाज इतका पक्का होता की १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात जसेच्या तसे राखले. आम्हाला हे परीक्षेला होतं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. हुंडी ही पेढीवाल्यांची सोय होती. शेतकरी आणि विणकर यांच्या वाट्याला यायचा तो सावकाराचा कर्जरोखा, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. ते लोण पुणे-नगर भागात पसरलं, आणि लोकांचा सगळा रोख रोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद हाती लागले की जाळायचे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात कोर्टाला रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ कर्ज किती आणि ते कसं वाढत गेलं हे तपासता येऊ लागलं. आपल्या धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियमही होताच: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही.

क्रेडिट कार्डाला दामदुपट नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे तुमच्या कार्डाच्या कागदावर जो दर छापलाय, तोच दर. महिना साडेतीन टक्के छापलेलं असेल तर वर्षाचे बेचाळीस होतात. गावातला कुणी सावकार बेचाळीस टक्के मागता, तर त्याच्या नावाने आपण बोटं मोडली असती.

कार्डाचा जन्म अमेरिकेतला. १९५० मध्ये डायनर्स क्लब निघाला. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो नावाच्या गावात साठ हजार कार्डं लोकांनी न मागताच टपालाने घरी पाठवली. थकबाकी आणि फसवणूक इतकी झाली की बँकेचे डोळे पांढरे झाले, पण धंदा टिकला. आपल्याकडे बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये काढलं. आम्ही ब्रँचवाले तेव्हा लेजरमध्ये हाताने व्याज लावत होतो. कार्ड म्हणजे मुंबईच्या साहेबांचं काम, असं आमचं मत होतं.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख २५. मुलाने १० जूनला ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. ५ जुलैला बिल आलं. २५ जुलैपर्यंत पूर्ण भरले तर एक पैसा व्याज नाही. पंचेचाळीस दिवस फुकट वापर. इतका स्वस्त पैसा आपल्या गावच्या कुठल्याही पेढीने कधी दिला नसेल.

पण त्याने फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे पाच टक्के, २,००० भरले. मग फुकटचे दिवस रद्द होतात आणि व्याज २५ जुलैपासून नाही, १० जूनपासून लागतं. बेचाळीस टक्क्यांनी ४०,००० वर ४५ दिवसांचे २,०७१. उरलेल्या ३८,००० वर पुढच्या बिलापर्यंत ११ दिवसांचे ४८१. एकूण २,५५२. त्यावर १८ टक्के जीएसटी ४५९. म्हणजे ५ ऑगस्टच्या बिलात येणं दिसेल ४१,०११. दोन हजार भरूनसुद्धा देणं फ्रिजच्या किमतीपेक्षा जास्त! शिवाय जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही फुकटचे दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज. ‘मिनिमम’ भरून वाचते ती लेट फी, व्याज नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर फी वेगळी, साधारण अडीच टक्के, आणि व्याज त्याच दिवसापासून. ताव्हर्नियेचा अडीच टक्क्यांचा आकडा इथे पुन्हा भेटतो, फक्त त्यात आता दरोड्याचा विमा नाही.

पतीचं काय झालं ते सांगतो. माझ्या काळात कर्जाचा अर्ज आला की आम्ही ‘मार्केट इन्क्वायरी’ करायचो. इतवाऱ्यात चालत जायचं, सूतवाल्याला विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं. दुसऱ्या बँकेकडून गोपनीय अभिप्राय मागवायचा, तो दोन गोलमोल ओळींचा यायचा. या पद्धतीचं कौतुक पुष्कळ होतं, पण खरं सांगायचं तर त्यात जात, आडनाव, ओळख सगळं चालायचं. एकट्या बाईला ‘तुमचे मालक कुठे आहेत’ असं विचारलं जायचं. २००० साली सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि पत ३०० ते ९०० च्या आकड्यात आली. आकडा आडनाव विचारत नाही, हे मी मोठं पाऊल मानतो. मात्र तो खुलासाही ऐकून घेत नाही.

आपल्या भागातल्याच एका लूमवाल्या कुटुंबाची गोष्ट, ओळख पटू नये एवढी बदलून सांगतो. मुलगा पुण्याला नोकरीला. एका बँकेचं कार्ड त्याने चालू केलं आणि वापरलंच नाही. वार्षिक फी लागली. त्याने ‘वापरलं नाही तर कसली फी’ म्हणून सोडून दिली. पाचशेच्या फीवर लेट फी, व्याज, जीएसटी चढत दोन वर्षांत नऊ हजार झाले. वसुलीवाल्याचा फोन आला, ‘चार हजार भरा, मिटवून टाकू’. याने भरले, आणि पाच हजार वाचले म्हणून घरी पेढे यायचे तेवढे बाकी राहिले.

पुढे घरकर्जाचा अर्ज नामंजूर झाला. रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ लिहिलं होतं. घरच्यांना वाटलं, सेटल्ड म्हणजे फिटलं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, देणं पूर्ण दिलं नाही, बँकेने उरलेलं सोडलं. फिटलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागतं. फ्लॅट हातचा गेला. त्याहून जास्त लागलं ते वडिलांना. त्यांच्या वडिलांच्या नुसत्या शब्दावर सुताच्या गाठी घरी यायच्या. ते मला म्हणाले, “साहेब, आमच्या घराण्याने कुणाचा पैसा बुडवला नाही हो.” त्यांनी स्वतः जन्मात बँकेचं कर्ज घेतलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा स्वतःचा स्कोअरच नव्हता. घराण्याची पत त्या कागदावर लिहायला रकानाच नाही, हे त्यांना कसं समजवायचं?

उपाय साधा होता. सोडलेली रक्कम बँकेला भरली, ‘काही येणं नाही’ असं पत्र लेखी घेतलं आणि नोंद बदलायला अर्ज केला. नोंद बदलली, स्कोअर सावकाश वर आला. दुसरा फ्लॅट मिळाला, पण महाग.

तेव्हापेक्षा आज नियम बरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. कार्ड बंद करायला सांगितल्यावर, बाकी नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

कुणाला रिपोर्ट वाचायला अडचण असेल तर संध्याकाळी पाचनंतर घरी या. छापील प्रत आणा, मोबाइलवरचं मला दिसत नाही. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही.