हे आमच्याच घरी का? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या कारणांचा दीडशे वर्षांचा शोध

आजच्या आजाराचं नाव जड आहे, पण चित्र डोळ्यांसमोर आणायला सोपं आहे. विजेच्या वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं ना, तसं आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. शरीराची संरक्षणयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते आणि जागोजाग घट्ट व्रण पडतात. तो मल्टिपल स्क्लेरोसिस. कुणाची नजर अंधुक होते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. काही आठवड्यांनी बरं वाटतं, मग पुन्हा झटका येतो. बहुतेकदा हे विशी ते चाळिशीत सुरू होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पटीनं जास्त.

अशा वयात आजार आला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: हे कशामुळे झालं? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: चूक कुणाची? आज आपण पहिल्या प्रश्नाचा इतिहास पाहू. दुसऱ्याचं उत्तर ओघानंच येईल.

१८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्कोनं या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. जिवंतपणी दिसलेली लक्षणं आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेले व्रण त्यानं एकमेकांशी जोडले. पण कारण? तिथे तोही चाचपडत होता. दीर्घकाळचं दुःख, मनस्ताप, ओलसर थंडी अशी कारणं त्यानं नोंदवली. आपल्याकडे याच जागी बाधा, नजर, पूर्वकर्म हे शब्द येतात. शब्द वेगळे, पण बोट शेवटी रोग्याकडे किंवा त्याच्या घरच्यांकडेच.

दुसरा धागा थेट आपल्या देशातून जातो. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना चांगलंच आठवत असेल. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला ती तयार केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा आणि फिनॉलनं निष्प्रभ करायचा. या लसीनं असंख्य जीव वाचवले. पण थोड्या लोकांना लस घेतल्यावर काही दिवसांत अर्धांगवायूसारखा त्रास व्हायचा, आणि तो रेबीज नसायचा. मग दोष कशाचा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्सनं १९३०नंतर माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडांच्या मेंदूतलं मायलिन झडलं. म्हणजे विषाणू नसतानाही, परक्या मेंदूच्या ऊतीमुळे चेतलेली संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा स्वतःवरच उलटलेल्या संरक्षणाचा आजार असावा, या विचाराला इथून बळ आलं. भारतात ती जुनी लस २००५च्या सुमारास बंद झाली.

पण यंत्रणा उलटते तरी का? इथे तिसरा धागा येतो, नकाशाचा. अमेरिकेच्या जॉन कुर्ट्झके यांनी जगाचे पट्टे पाडले. लाखामागे ३०हून जास्त रुग्ण म्हणजे जास्त धोक्याचा पट्टा, ५हून कमी म्हणजे कमी धोक्याचा. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका आजार साधारणपणे जास्त. आपलं नाशिक वीस अंश उत्तर अक्षांशावर, भरपूर उन्हाचं. भारत कमी धोक्याच्या पट्ट्यात गेला. ऊन, आणि उन्हातून मिळणारं ‘ड’ जीवनसत्त्व, संशयितांच्या यादीत आलं. एक मात्र लक्षात ठेवू: त्या काळी आपल्याकडे मेंदूविकारतज्ज्ञ मोजके होते आणि एमआरआय नव्हता. न शोधलेला आजार ‘नाही’ असाच दिसतो.

या नकाशाला प्रश्न विचारला तो मुंबईनं. जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया स्वतः पारशी. १९८८ ते १९९० या काळात डॉ. भरुचा आणि डॉ. वाडिया यांच्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. पारशी समाजात हा आजार लाखामागे वीसच्या पुढे निघाला. उरलेल्या भारतासाठी तेव्हाचा अंदाज होता लाखामागे एक-दीड. आता विचार करा. देवळालीच्या बंगल्यांत हवापालटाला येणारे पारशी आपल्याला नवे नाहीत. ऊन तेच, पाणी तेच, मुंबईची दमट हवाही तीच. हजार वर्षांहून जास्त काळ ते इथे राहतात. तरी फरक? मग तो रक्तातून, वंशपरंपरेतून आलेला असणार.

ठरलं तर मग, आनुवंशिकता? थांबा. त्याच १९९० साली लंडनहून उलट साक्ष आली. भारतीय उपखंडातून गेलेल्या लोकांमध्ये आजार कमी, पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये प्रमाण इंग्रजांच्या जवळ पोचलेलं. वंश तोच, भूमी बदलली, आणि धोका वाढला. जुळ्यांकडे पाहिलं तरी हेच. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. सगळं जनुकांतच लिहिलेलं असतं, तर ती चारात चार असती.

अलीकडची मोठी साक्ष २०२२ची. अमेरिकन सैन्यातल्या सुमारे एक कोटी लोकांच्या वर्षानुवर्षं साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे हा अभ्यास झाला. आजार झालेल्या ८०१ जणांपैकी ८०० जणांना एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झालेला होता. ज्यांना तो नव्यानं झाला, त्यांचा धोका ३२ पट वाढला. याच विषाणूनं तरुणपणी घसा सुजवणारा ग्रंथिज्वर येतो. पण हा विषाणू जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात असतो, आपल्याकडे तर बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. तेव्हा तो बहुधा आवश्यक आहे, पुरेसा नाही. २०२४ साली आणखी एक दुवा मिळाला. धोका वाढवणारी काही जनुकं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांबरोबर युरोपात पसरली. जनावरांकडून येणाऱ्या रोगांपासून तेव्हा ती वाचवत असावीत. कालची ढाल आज उलटी लागते आहे.

म्हणजे एकच गुन्हेगार नाही. जनुकं, विषाणू, तो कोणत्या वयात गाठतो, ऊन, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, हे सगळे एकत्र जमावे लागतात.

आता पोटातला प्रश्न. अशा व्याख्यानानंतर एखादी आई हळूच विचारते, ‘माझ्याकडून तर आलं नाही ना? धाकटीचं लग्न करायचंय.’ इतिहास जे सांगतो ते आम्ही स्पष्ट सांगतो. सख्ख्या भावंडाला किंवा मुलाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात दोन-तीनच असते, म्हणजे सत्त्याण्णव वेळा नाहीच. हा संसर्गजन्य नाही. सून पायगुणानं आजारी पडत नाही. झटका ओसरल्यावर धडधाकट दिसणारी बाई ढोंग करत नसते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे, प्रमाणपत्र मागायला लाजू नका. आणि आज आजाराचे झटके कमी करणारी औषधं आहेत. ती लवकर सुरू करणं महत्त्वाचं, म्हणून एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली तर मांत्रिकाकडे महिना घालवू नका.

कारणं शोधायला दीडशे वर्षं लागली, अजून शोध चालू आहे. दोष देणं मात्र आजच्या आज थांबवता येतं.