‘नाही जमणार, नाही कळलं’: पोलिसांच्या कागदावरची दोन उत्तरं चीनमध्ये घोषणा कशी बनली?

७ फेब्रुवारी २०२०. पहाटेची वेळ. चीनमधल्या ‘वीबो’वर एक हॅशटॅग झपाट्याने वर चढत होता: ‘मला अभिव्यक्ती स्वातंत्र्य हवं आहे’. चीनमध्ये ट्विटर आणि फेसबुक २००९ पासून बंद आहेत, त्यामुळे तिथली सगळी चर्चा वीबो आणि वीचॅटवरच चालते. काही तासांत लाखो लोकांनी हा हॅशटॅग पाहिला आणि सकाळ होईपर्यंत तो गायबही झाला.

त्याच रात्री आणखी एक घोषणा फिरत होती. तिच्यात ‘स्वातंत्र्य’ हा शब्दच नव्हता. ‘नाही जमणार. नाही कळलं.’ बस्स, एवढंच. लोक हे मास्कवर लिहून आपले फोटो टाकत होते. बाहेरच्या माणसाला याचा काहीच अर्थ लागला नसता.

नेमकं काय घडलं होतं?

ली वेनलियांग हे वुहान सेंट्रल हॉस्पिटलमधले डोळ्यांचे डॉक्टर. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी मेडिकल कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या वीचॅट ग्रुपवर एक मेसेज टाकला. मासळी बाजाराशी संबंधित सात जणांना सार्ससारखा आजार झाला आहे, घरच्यांना जपा, असा त्याचा आशय होता. मेसेजचे स्क्रीनशॉट बाहेर गेले आणि ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून घेतलं.

तिथे त्यांच्यापुढे ताकीदपत्र ठेवण्यात आलं. तुम्ही खोटी माहिती पसरवून समाजातली शांतता भंग केली, असं त्यात लिहिलं होतं. पुढे दोन प्रश्न होते. हे थांबवणं जमेल का? लींनी लिहिलं, ‘जमेल’. पुन्हा असं केलं तर कायद्याने शिक्षा होईल, हे कळलं का? लींनी लिहिलं, ‘कळलं’. दोन्ही उत्तरांवर अंगठ्याचा लाल ठसा.

डॉक्टर कामावर परतले, रुग्ण तपासताना त्यांना कोरोनाची लागण झाली. ३१ जानेवारीला हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी त्या ताकीदपत्राचा फोटो वीबोवर टाकला. ६ फेब्रुवारीच्या रात्री सरकारी माध्यमांनी त्यांच्या मृत्यूची बातमी दिली, मग ती मागे घेतली. उपचार सुरू आहेत, असं हॉस्पिटलने सांगितलं. लोक रात्रभर फोन हातात धरून जागे राहिले. अखेर पहाटे २ वाजून ५८ मिनिटांनी मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. ते ३३ वर्षांचे होते.

‘नाही जमणार, नाही कळलं’ हे त्या कागदावरच्या दोन प्रश्नांना लोकांनी दिलेलं उत्तर होतं.

ही घोषणा वेगळी का ठरली?

चीनमध्ये पोस्ट डिलीट करण्याचं काम बहुतेक वेळा सोशल मीडिया कंपन्याच करतात. ‘नको असलेला’ मजकूर राहिला तर दंड होतो, ॲप बंद पडू शकतं. म्हणून कंपन्यांकडे बंदी घातलेल्या शब्दांच्या याद्या असतात आणि मजकूर तपासणारी माणसंही. ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ अशा यादीत टाकणं सोपं आहे. (गंमत म्हणजे चीनच्या राज्यघटनेचं कलम ३५ नागरिकांना हेच स्वातंत्र्य देतं.) पण ‘जमेल’ आणि ‘कळलं’ हे शब्द यादीत टाकले तर लोकांनी रोजचं बोलायचं तरी कसं? त्यामुळे ती घोषणा अमर झाली असं नाही, तिच्याही पोस्ट हटवल्या गेल्या. पण ती पकडायला माणूस बसवावा लागतो, नुसती यादी पुरत नाही.

चिनी नेटकऱ्यांना ही युक्ती नवीन नव्हती. चिनी भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द भरपूर. सरकार ‘सुसंवादी समाजा’ची भाषा करायचं, म्हणून डिलीट झालेली पोस्ट ‘सुसंवादी झाली’ असं लोक म्हणायला लागले. त्यावरही नजर गेल्यावर जवळपास तसाच उच्चार असलेला ‘नदीतला खेकडा’ आला. ४ जून १९८९ च्या तियानआनमेन हत्याकांडासाठी ‘३५ मे’. २०१८ मध्ये ‘मी टू’साठी तांदूळ आणि सशाचे इमोजी, कारण चिनी भाषेत तांदूळ म्हणजे ‘मी’ आणि ससा म्हणजे ‘तू’.

याचा कळस मार्च २०२० मध्ये झाला. लींच्याच हॉस्पिटलमधल्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांची मुलाखत ‘रेनवू’ मासिकाने छापली आणि काही तासांत ती इंटरनेटवरून काढली गेली. मग लोकांनी ती इमोजीत, मोर्स कोडमध्ये, उलट्या क्रमाने, प्राचीन चिनी लिपीत लिहून पुन्हा टाकली. वाचायला प्रचंड कटकटीचं, पण मुद्दा वाचण्याचा राहिलाच नव्हता.

याची किंमत काय?

वीबोचं खातं मोबाइल नंबरला आणि नंबर ओळखपत्राला जोडलेला असतो. म्हणजे निनावी कुणीच नाही. वुहानमधून व्हिडिओ टाकणाऱ्या झांग झान यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘भांडणं उकरून काढणे’ या आरोपाखाली चार वर्षांची शिक्षा झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमची शहरात इमारतीला आग लागून १० जण गेले. लॉकडाऊनमुळे मदत उशिरा पोहोचली, असं म्हणत लोक अनेक शहरांत रस्त्यावर उतरले. त्यांच्या हातात होते कोरे पांढरे कागद. बीजिंगमध्ये लॉकडाऊनविरोधी घोषणा देऊ नका, असं सांगितल्यावर जमाव ओरडायला लागला, ‘लॉकडाऊन चालू ठेवा! मला कोविड टेस्ट करायची आहे!’

लींच्या बाबतीत वुहान पोलिसांनी १९ मार्च २०२० ला ताकीदपत्र रद्द केलं आणि कुटुंबाची माफी मागितली. एप्रिलमध्ये सरकारने त्यांना ‘हुतात्मा’ घोषित केलं. आपली टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं सांगणारी त्यांची शेवटची वीबो पोस्ट काढली गेली नाही. तिच्याखालच्या कमेंट्सनी कधीच दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तिथे घोषणा फारशा नसतात. परीक्षा कशी गेली, आज काय खाल्लं, नोकरी गेली, असं लोक डॉक्टरांना लिहून ठेवतात.