तीळ आणि तिळावरचे हात

‘तेल’ हा शब्द मुळात तिळाच्या मालकीचा. तिळाचे ते तैल. पुढे करडई, भुईमूग, खोबरे, इतकेच काय, दिव्यातल्या रॉकेलनेही तेच नाव उचलले! हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत. म्हणजे हा व्यवहार चार हजार वर्षांहून जुना.

पिकाचा स्वभाव मात्र मजुराची परीक्षा पाहणारा. बोंडे खालून वर पिकत जातात, आणि वाळली की उकलून दाणे मातीत सांडतात. म्हणून ती उकलण्याआधीच झाडे कापायची, पेंढ्या बांधून उभ्या करायच्या आणि वाळल्यावर उलट्या धरून झटकायच्या.

पुढे घाणा. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत. शब्बाथ पाळून शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सुट्टीवरून माणसाला नाव पडावे, इतकी ती ठळक होती. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर, १० जून १८९० रोजी. घाण्याच्या बैलाला जी विश्रांती होती, ती यंत्रावरच्या माणसाला झगडून घ्यावी लागली.

आता प्रतींविषयी. काळे तीळ श्राद्धाला आणि औषधाला, पांढरे संक्रांतीच्या लाडवाला, तांबडे व मिसळ मालाचे बहुधा तेल. दाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेलच असते. उरलेली पेंड गुरांना. भिजवून साल काढलेल्या पांढऱ्या तिळाला बेकरीवाले आणि पश्चिम आशियातले ताहिनीवाले गिऱ्हाईक. हा निर्यातीचा माल ९९.९५ टक्के शुद्ध म्हणून विकला जातो. म्हणजे दहा किलोंत कचरा फक्त पाच ग्रॅम!

ही शुद्धता कोण आणते? मी ज्या शेडमध्ये सभासद नोंदवीत असे, तेथे सूप घेऊन बसलेल्या बायका आणीत. मजुरी मिळे निवडून झालेल्या मालाच्या वजनावर. म्हणजे पोते जितके घाणेरडे, तितका दिवसाचा रोज कमी. आमची मागणी साधी होती: आधी पोत्याची प्रत पाहा, मग दर ठरवा. भांडून ती मान्य झाली. दोन वर्षांनी रंग ओळखून हवेच्या झोताने खडा उडविणारे यंत्र आले, आणि चाळीस जणींपैकी चौघी उरल्या, यंत्राच्या नजरेतून सुटलेले वेचायला.