सगळ्या गावाचं मैदान

1797 साली स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे गाव कर्जात बुडालं आणि गावाच्या कारभाऱ्यांनी समुद्रकाठची वाळूची पट्टी विकून टाकली. त्या पट्टीवर गावकरी निदान अडीचशे वर्षं गोल्फ खेळत आले होते. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या 1552 च्या सनदेत तो हक्क नोंदलेला आहे. बिशपला तिथे ससे पाळायचे होते. गावाने त्याला हरकत घेतली नाही, आणि बदल्यात गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क लेखी मान्य झाला.

1797 नंतर जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि त्यांनीही ससेच पाळले, पण विक्रीसाठी आणि बेसुमार. सशांनी मैदान उकरून काढलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि गावकऱ्यांना ससे मारायची मुभा मिळाली. हाणामारी, दावे, वैर असं पुढे बरीच वर्षं चाललं. 1821 साली शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या जेम्स चीप या जमीनदाराने ती पट्टी विकत घेतली आणि गोल्फ वाचला. 1894 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने जमीन पुन्हा गावाकडे आली. आज तिचा कारभार 1974 साली स्थापन झालेला ट्रस्ट पाहतो. हेच जगातल्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक, ओल्ड कोर्स.

जमिनीच्या मालकीची ही कथा आधी सांगितली, कारण एक मैदान दुसऱ्यापेक्षा सरस का ठरतं, याचं माझ्यापुरतं उत्तर तिच्यातच आहे. मी गवताच्या धंद्यातली बाई आहे. शेतकी शिकले आणि गोल्फ मैदानांच्या हिरवळी सांभाळण्याच्या कामात पडले. आमच्याकडे नवं मैदान बांधायचं ठरलं की चर्चा होते ती लांबीची, तळ्याची, कारंज्याची, क्लबहाउसच्या काचांची. मी दोनच गोष्टी बघते. साधारण खेळणारा चेंडू न हरवता, अपमान न होता फेरी पुरी करू शकतो का? आणि त्याच जागेवर उत्तम खेळाडूला प्रत्येक फटक्याआधी थांबून विचार करावा लागतो का? दोन्हींना हो म्हणता येईल अशी मैदानं फार थोडी आहेत. ओल्ड कोर्स त्यांत पहिला, आणि तो कुणा एकाने आखलेला नाही.

त्याचं मूळ मातीत आहे. समुद्र मागे हटला आणि वाळूच्या टेकड्या उघड्या पडल्या. नांगर लावावा असा कस त्या जमिनीत नाही, म्हणून ती गावाचं गायरान होऊन राहिली. मेंढ्या आणि ससे गवत खुडत राहिले. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या उतारांना चिकटून बसायच्या, तिथली वाळू उघडी पडायची, आणि आजच्या कित्येक बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, सुरुवात तशी झाली असं मानतात. स्विल्कन ओढ्यावर बायका धुणं धूत आणि हिरवळीवर वाळत घालत. चेंडू कपड्यावर जाऊन बसला तर कपडा खालून ओढून घ्यावा, असा नियमच तिथे होता. मला हा नियम फार आवडतो. त्यात खेळणाऱ्याचा हक्क आहे आणि धुणाऱ्या बाईचाही.

मी तिथे गेले ती मुद्दाम रविवारी. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. मोठ्या स्पर्धेचा अपवाद सोडला, तर त्या दिवशी मैदान फिरणाऱ्यांचं. कुत्री घेऊन माणसं आली होती, पोरं पळत होती, एक आजोबा बाबागाडी ढकलत सरळ अठराव्या फेअरवेवरून चालले होते. मी गुडघे टेकून गवतावर तळहात फिरवला. आपल्याकडच्या मैदानांवर हरळीच्या जाती असतात, पात जाडसर, दाट, चेंडू अलगद वर उचलून धरणारी. इथलं फेस्क्यू गवत केसासारखं बारीक, आणि खालची जमीन तळव्याला टणक लागते. पावसाचं पाणी वाळूत बघता बघता मुरतं. अशा जमिनीवर चेंडू पडल्यावर थांबत नाही, घरंगळतो. त्यामुळे प्रत्येक चढउताराला अर्थ येतो. मऊ, सतत भिजवलेल्या हिरवळीवर चेंडू पडतो तिथेच रुततो, आणि मग जमिनीचा आकार नुसता बघण्यापुरता उरतो.

अशा गवताची निगा शिकवली टॉम मॉरिसने. जन्म 1821, सेंट अँड्र्यूजचाच. ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली तो चेंडू करायला शिकला. तेव्हा चेंडू करायचा म्हणजे चामड्याच्या पिशवीत टोपीभर उकडलेली पिसं ठासायची. चांगला कारागीरही दिवसाला तीन-चारच करी, त्यामुळे चेंडू महाग. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून गट्टापर्चाचा स्वस्त चेंडू आला. रॉबर्टसनने त्याला विरोध केला, टॉमने तो वापरून पाहिला, आणि दोघांचं फाटलं. टॉम प्रेस्टविकच्या मैदानावर कामाला गेला. तिथे एकदा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, चुकून वाळू सांडली आणि काही दिवसांनी नेमकं तिथलंच गवत जोमाने वर आलं, अशी हकीकत सांगतात. टॉप ड्रेसिंग म्हणून आम्ही आज जे करतो, गवतावर वाळू भुरभुरून ती ब्रशने मुळांपर्यंत उतरवतो, ते काम टॉमने आयुष्यभर नेटाने केलं. 1860 च्या दशकाच्या मध्याला तो गावी परतला आणि 1903 पर्यंत त्याने ओल्ड कोर्स सांभाळला. रविवारच्या सुट्टीवरही तो ठाम होता. तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी, असं त्याचं म्हणणं. गवत सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनातलं हे बोलणं आहे, आणि ते मालकांपुढे बोलायची हिंमत आजही थोड्यांना होते.

मी नाशिकची. आमच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अजून सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. इंग्रज गेले, गोल्फही गेला, तिथे आता क्रिकेट आहे आणि सकाळ-संध्याकाळ चालणारी माणसं. सेंट अँड्र्यूजला खेळही राहिला आणि माणसंही राहिली.

सेंट अँड्र्यूजला स्वस्त चेंडू आला, 1852 साली रेल्वे आली, गर्दी वाढली. ओल्ड कोर्स तोवर काटेरी झुडपांमधली अरुंद वाट होता. जाताना ज्या होलमध्ये चेंडू टाकायचा, त्याच होलमध्ये परततानाही. 1764 मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन केले; ते जाता-येता दोनदा खेळत, म्हणून बावीसचे अठरा झाले, आणि जगभरचा आकडा तिथून पडला. 1850 च्या दशकात एकेका ग्रीनवर दोन-दोन होल खणले गेले, एक जाणाऱ्यांसाठी, एक परतणाऱ्यांसाठी. झुडपं मागे हटवली गेली. आज सात ग्रीन असे जोडीचे आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, याप्रमाणे. ही रुंदी लोकांना सामावून घ्यायला आली. माझ्या मते मैदानाचं मोठेपण तिच्यातूनच जन्मलं. अरुंद मैदानात एकच फटका बरोबर असतो. रुंद मैदानात कुठून जायचं हे तुम्ही ठरवता, आणि त्याचा परिणाम पुढच्या फटक्याला भोगता.

पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही आलटून पालटून खेळत. त्यामुळे काही बंकर आज टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत, त्यांचं तोंड समोरून येणाऱ्याकडे आहे. एकूण एकशे बारा बंकर. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला माणूस ते ओळखू लागतो, आणि एकदाच खेळून संपणारं मैदान मला तरी हलकंच वाटतं.

सतराव्या होलशी मी बराच वेळ थांबले. उजवीकडे हॉटेल, तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. चेंडू त्या कोपऱ्यावरून आंधळा मारायचा. हद्दीला जितकं खेटून जाल तितका ग्रीनकडचा रस्ता मोकळा. घाबरून डावीकडे गेलात तर चेंडू सुखरूप राहतो, पण मग तुमच्या आणि होलच्या मध्ये रोड बंकर येतो. तो आकाराने लहान, उभ्या भिंतीचा, आणि भोवतालची सगळी जमीन त्याच्याकडे कललेली. ग्रीन अरुंद, तिरका, उंचावलेला. त्याच्या पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. 1978 च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर आला होता. पुढचा चेंडू उतारावरून घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि होलचे नऊ झाले. 2022 मध्ये शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथचा चेंडू बंकरच्या अलीकडेच थांबला. त्याने तो हवेत उडवायचा मोह टाळला, पटरने जमिनीवरूनच बंकरला वळसा घालून ग्रीनवर चढवला, चार फटक्यांत होल पुरा केला आणि स्पर्धा जिंकली. तो फटका त्याला टणक जमिनीने आणि बाजूला सोडलेल्या जागेने दिला.

अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स 1921 साली इथे पहिल्यांदा खेळला तेव्हा अकराव्या होलवर वैतागून त्याने फेरी सोडून दिली होती. 1927 मध्ये त्याने इथेच ओपन जिंकली. पुढे अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारताना त्याने मैदानं आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेन्झीला सोबत घेतलं, ज्याने 1924 साली ओल्ड कोर्सचा बारीकसारीक नकाशा काढला होता. त्याआधी सेंट अँड्र्यूजलाच शिकलेल्या चार्ल्स मॅकडोनाल्डने अमेरिकेत नॅशनल गोल्फ लिंक्स बांधलं आणि इथल्या सतराव्या-अकराव्या होलच्या कल्पना तिकडे नेल्या. मोठ्या मैदानांची वंशावळ अशी या गायरानापाशी येऊन पोचते.

आता चेंडू फार लांब जातो. 2010 च्या ओपनसाठी सतराव्याची टी चाळीस यार्ड मागे नेली. 2012 मध्ये काही ग्रीन आणि बंकरांना हात लावला, तेव्हा जगभरचे जाणकार खवळले, आणि मला ते योग्य वाटलं. 2023 मध्ये नियम करणाऱ्या संस्थांनी चेंडूचाच पल्ला कमी करायचा निर्णय जाहीर केला. टी मागे सरकवत राहायला त्या पट्टीवर जागा नाही. एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला गाव.