कॉफीवरचा खटला : मक्का, १५११

जून १५११. मक्केत मशिदीजवळ रात्री काही माणसे कंदिलाच्या उजेडात एक पेला हातोहाती फिरवीत बसली होती. मामलूक अधिकारी खैर बेग दिसताच त्यांनी कंदील विझवले. बाजारावर आणि लोकांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे हेच त्याचे काम. पेल्यात मद्य नव्हते, कहवा होता. तरीही दिवे का विझले, हा संशय उरलाच.

हे पेय आले होते येमेनमधून. तेथील सूफी रात्रीच्या जिक्रच्या वेळी झोप येऊ नये म्हणून ते पीत असत.

दुसऱ्या दिवशी धर्मशास्त्रज्ञांची सभा भरली. कॉफीचे भांडे आरोपीसारखे पुढे मांडले गेले. असे जमाव निषिद्ध, यावर एकमत झाले. पेयाचा निर्णय मात्र वैद्यांवर सोपवला गेला. दोघा इराणी वैद्यबंधूंनी सांगितले, कॉफी प्रकृतीने थंड व कोरडी, म्हणून अपायकारक. (उष्ण-थंडाची ही भाषा मराठी घरांनाही परकी नाही.) एका साक्षीदाराने तर कॉफी मद्यासारखीच चढते, असे सांगितले. सभा हसली, मद्याची चव याला कशी ठाऊक? त्याने कबुली दिली आणि शिक्षा भोगली.

कॉफी रस्त्यावर जाळली गेली, विक्रेत्यांना मार बसला. कैरोहून सुलतानाचा आदेश आला तो मात्र सौम्य होता. त्यात रोख जमावांवर होता, पेयावर सरसकट बंदी नव्हती. वैद्यांची साक्ष निमित्तमात्र होती; खरी भीती रात्री एकत्र बसून बोलणाऱ्या माणसांची होती.

लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्सने वैद्यांचा आडपडदाही ठेवला नाही. कॉफीगृहांतून राज्यकारभाराविषयी खोट्या वार्ता पसरतात, असे सांगून २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने ती बंद करण्याचे फर्मान काढले. गदारोळ इतका झाला की ८ जानेवारीला, अंमल सुरू होण्याआधीच, त्याला माघार घ्यावी लागली.

झोप उडवणारे द्रव्य, कॅफीन, जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंग याने १८१९ मध्ये वेगळे काढले. मेंदूला थकव्याची सूचना देणाऱ्या अॅडेनोसिनची जागा ते अडवते. पण खटला संपला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला संशयितांच्या यादीत घातले आणि २०१६ मध्ये त्या यादीतून काढले. त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले गेले. मक्केच्या वैद्यांचा आक्षेप होता, कॉफी फार थंड आहे.